निळ्या पडद्याचा शुक्रवार: विनोद टाका, अनुभव टाका, उत्तरंही द्या

कीबोर्डकर
१९ जुलै २०२४, सायं. ६:४०

दिवसभर व्हॉट्सॅपवर निळ्या पडद्याचे इतके विनोद आलेत की धागा काढल्याशिवाय राहवेना. ज्यांना अजून पत्ता नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकेतली सायबर सुरक्षेची कंपनी. तिचं 'फाल्कन' मोठ्या कंपन्यांच्या मशिनींवर बसून पहारा देतं. आज आपल्या घड्याळात सकाळी ९:३९ ला त्यांनी एक छोटी फाइल जगभर सोडली आणि विंडोजच्या मशिनी धडाधड निळ्या पडल्या, म्हणजे बंद पडल्याचा निळा पडदा दाखवत बसल्या. बंद करून चालू केल्या तरी निळ्याच. १०:५७ ला फाइल मागे घेतली. फक्त ७८ मिनिटं. तेवढ्यात आपल्याकडे विमानतळांवर रांगा, ब्रिटनमध्ये स्काय न्यूज बंद, अमेरिकेत विमानं जमिनीवर.

विनोद टाकाच, मला सगळे हवेत. पण सोबत एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर खरंच हवंय. आमच्याकडे साधा एक्सेलचा मॅक्रो बदलायचा तरी चार जणांच्या सह्या लागतात. मग जगातल्या एवढ्या कंपन्यांनी ही फाइल न तपासता आत घेतलीच कशी?

शमा_ठाणे
१९ जुलै, सायं. ६:५२

बुधवारी देवशयनी एकादशी झाली. देव निजले, दोन दिवसांनी विंडोज निजलं. आता कार्तिकीलाच उठवा.

बारक्या
१९ जुलै, सायं. ६:५५

शमाताई, हसून हसून पुरेवाट!! आणि पंढरीची वारी पोचते न पोचते तोच आयटी सपोर्टची वारी निघाली. या डेस्कवरून त्या डेस्कवर, मुखी एकच गजर: सेफ मोड, सेफ मोड.

आबा_सांगली
१९ जुलै, सायं. ७:१०

मी बँकेतून निवृत्त झालोय. सकाळपासून जावयाचे फोनवर फोन, "आबा, आधी एटीएममधून पैसे काढून ठेवा." मंडळी, घाबरू नका. रिझर्व्ह बँकेनं आजच पत्रक काढलंय. फक्त १० बँका आणि बिगर बँकिंग वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, काहींचा मिटला, काहींचा मिटतोय. शेअर बाजारही नेहमीसारखा चालला.

माझी एक शंका. घरच्या लॅपटॉपवर विंडोजच आहे. त्याला काही होईल का? चालू करायला हात धजत नाही.

कीबोर्डकर
१९ जुलै, सायं. ७:१४

आबा, बिनधास्त चालू करा. फाल्कन कंपन्या विकत घेतात, घरच्या मशिनवर ते नसतं.

आबा_सांगली
१९ जुलै, सायं. ७:३१

केला. व्यवस्थित आहे. पत्ते खेळतोय.

लिनक्सपंत
१९ जुलै, सायं. ७:४५

आम्ही कधीपासून कंठशोष करतोय, विंडोज सोडा, लिनक्स घ्या! आज काही झालंय हे आमच्या सर्व्हर रूममध्ये बातम्या बघूनच कळलं. पुण्यात कोणालाही उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून हवं असेल तर मी घरी येऊन टाकून देतो. फी म्हणजे एक कप चहा, आलं घालून.

हिशोबी_काकू
१९ जुलै, रात्री ८:०२

पंत, चहा मीही पाजेन, पण हा विंडोजचा दोष नाही हो. फाल्कन लिनक्सवरही चालतं, आणि गेल्याच महिन्यात लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीनं नोंद केली होती की फाल्कनमुळे कर्नेल पॅनिक होतोय, म्हणजे लिनक्स कोसळतंय. कर्नेल म्हणजे सिस्टमचा गाभा. कर्नेलमध्ये शिरलेला प्रोग्रॅम गडबडला की एकटा बंद पडत नाही, अख्खं मशिन घेऊन पडतो. तिथे विंडोज काय नि लिनक्स काय.

लिनक्सपंत
१९ जुलै, रात्री ८:०६

तरीही आज आमचे सर्व्हर चालू होते, एवढं तरी माना! चहाला रविवारी येतो.

गोंयकार_दिनेश
१९ जुलै, रात्री ८:३०

आत्ताच मुंबईत उतरलो. दुपारचं विमान होतं दाबोळीहून. आत शिरलो तर सगळे बोर्ड काळे, प्रिंटर बंद, बॅगांचे स्टिकरसुद्धा हातानं लिहिलेले. काउंटरवरच्या पोरीसमोर कोऱ्या बोर्डिंग पासांचा गठ्ठा आणि एक निळं बॉलपेन. नाव, विमान क्रमांक, तारीख, आसन, सगळं हातानं. १४ सी. अक्षर इतकं सुरेख की मी तिला म्हटलं, बाय, तुझी शाळा कुठली? माझ्या मागे एक म्हातारी होती, ती सारखी सांगत होती, "म्हजें नांव सारकें बरय गो बाये." तिचं नाव मोठं लांबलचक, आणि पोरीनं ते एकही अक्षर न खाता लिहिलं.

दारावर यादीत नावापुढे टिक मारून आत सोडत होते. विमानाची घोषणा म्हणजे एक मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. उशीर झाला, कमरेचा काटा ढिला झाला, पण त्या काउंटरवर सकाळपासून कोणी पाणी प्यायलं असेल असं वाटत नव्हतं. ज्यांनी त्यांच्यावर आरडाओरडा केला त्यांचा मला राग आला. फाइल काय त्यांनी पाठवली होती?

पास मी जपून ठेवलाय.

बारक्या
१९ जुलै, रात्री ८:३४

दिनेशदादा, तो पास भांडारकर संस्थेत द्या. एकविसाव्या शतकातलं हस्तलिखित!

प्रसन्न_औंध
१९ जुलै, रात्री ९:१५

एक फोटो फिरतोय: ऑफिसपुढे एक हसरा तरुण, आणि खाली, "क्राउडस्ट्राइकमध्ये पहिला दिवस, छोटंसं अपडेट सोडलं, आता दुपारी सुट्टी." भन्नाट आहे, पण तो बनवलेला आहे. बेल्जियममधल्या एका विनोदी लेखकाची करामत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो खरा समजून लोक त्या पोराला शिव्या घालतायत, म्हणून मुद्दाम सांगतो.

अजून एक. त्यांचं पुण्यातही ऑफिस आहे. आपल्यातलीच पोरं आहेत. कोणाचा भाचा, कोणाची सून. त्यांच्या वॉलवर जाऊन काहीबाही लिहू नका. ती आज झोपणार नाहीयेत.

एल२_वाला
२० जुलै, मध्यरात्री १:२०

आत्ता घरी आलो. झोप येत नाहीये म्हणून लिहितो. मी फील्ड सपोर्टला आहे. आमचा ग्राहक एक वित्तसंस्था, शाखा कोल्हापूरपासून नंदुरबारपर्यंत.

टीव्हीवर सांगतात, उपाय सोपा आहे. आहेच सोपा. सेफ मोडमध्ये (विंडोज गरजेपुरतंच उठतं, त्यात) जा, विंडोजमध्ये सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात क्राउडस्ट्राइकचा फोल्डर, सी-०००००२९१ नं सुरू होणारी फाइल उडवा, रिस्टार्ट मारा. पण हे लांबून होत नाही. मशिन उठतच नाही तर नेटवर्कवर येणार कुठून? माणसाला कीबोर्डपुढे बसावंच लागतं. आणि त्याच्याही आधी बिटलॉकर. लॅपटॉप चोरीला गेला तर माहिती बाहेर जाऊ नये म्हणून डिस्क कुलूपबंद असते, सेफ मोडला जाताना ती ४८ आकडी किल्ली मागते. दर मशिनची वेगळी. आमच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तो सर्व्हरच सकाळी निळा! आधी त्याला उठवला, मग बाकीच्यांकडे वळलो.

कराडकडची एक शाखा फोनवरून उठवायची होती. तिथे एकट्या मॅडम, संगणकाशी संबंध फक्त पावत्यांपुरता. मी सुरुवातीला दोन-दोन आकडे जोडून सांगत होतो. मी म्हणालो एकोणसत्तर, त्यांनी ७९ मारलं. मी म्हणालो एकोणसाठ, त्यांनी ६९. मग ठरवलं, एकेक आकडा सुटा सांगायचा, सहा झाले की थांबायचं, त्यांनी वाचून दाखवायचं, मग पुढे. बरं, ज्यानं कोणी ही किल्ली बनवली त्याचं भलं होवो. सहा-सहा आकड्यांचा प्रत्येक गट ११ नं भाग जाईल असाच असतो, त्यामुळे चुकलं की त्या गटातच कळतं. बाहेर पाऊस, ठेवीचे पैसे काढायला आलेली मंडळी छत्र्या मिटून आतच उभी. त्यांच्यातले एक आजोबा मागून मॅडमना धीर देत होते, "सावकाश मारा, घाई नाही." मशिन उठलं तेव्हा फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. आमच्या कामाला टाळ्या कोणी वाजवत नाही हो.

विनोद मलाही आवडले, वारीचा तर आमच्या ग्रुपवर टाकला. फक्त कोणी असं म्हणू नका की एका बटणानं बिघडलं आणि एका बटणानं सुधारलं. बिघडलं बटणानं. सुधारलं हातानं, एकेक करून. आमची दोन पोरं आत्ता रात्रीच्या एसटीत आहेत, सकाळी नंदुरबारला पोचतील.

शमा_ठाणे
२० जुलै, सकाळी ७:४०

एल२दादा, दंडवत. झोपा आधी.

आबा_सांगली
२० जुलै, सकाळी ८:०५

वाचून डोळे भरून आले. आमच्या शाखेत १९९० च्या दशकात पहिला संगणक आला तेव्हा दुरुस्तीला माणूस मिरजेहून सायकलवर यायचा. आम्ही त्याला जेवल्याशिवाय सोडत नसू. नंदुरबारच्या शाखेत कोणी ओळखीचं असेल तर त्या पोरांच्या नाश्त्याचं बघा.

राधा_लेस्टर
२० जुलै, दुपारी ३:१२

मी इंग्लंडात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. काल इथल्या दवाखान्यांची संगणक प्रणाली बंद पडली, म्हणजे डॉक्टरांकडून येणाऱ्या औषधचिठ्ठ्या आमच्या पडद्यावर येईनात. मग निघाल्या जुन्या हिरव्या कागदी चिठ्ठ्या. नव्या डॉक्टरांपैकी कित्येकांनी त्या हातानं लिहिल्याच नव्हत्या. मला फोन करून विचारत होते, कुठल्या चौकटीत काय लिहायचं.

एक गुजराती बा नेहमी येतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना आपल्या सगळ्या गोळ्या नाव, ताकद, सकाळ-संध्याकाळसकट पाठ. धडाधड म्हणून दाखवल्या. मी डॉक्टरांना फोनवर विचारून ताडून बघितलं तर एकही चूक नाही. पण सगळ्यांचं असं नसतं. एक मुलगा अपस्माराच्या गोळ्यांसाठी आला होता, घरी एकही उरली नव्हती. त्याला ताटकळत ठेवताना माझा जीव खाली-वर होत होता. मिळाल्या शेवटी. हे सगळं एका फाइलपायी झालं, हे मला अजून पचत नाहीये.

हिशोबी_काकू
२१ जुलै, सकाळी १०:३०

मायक्रोसॉफ्टनं आकडा दिला: साधारण ८५ लाख मशिनी. जगातल्या विंडोज मशिनींच्या १ टक्क्याहूनही कमी. म्हणजे शंभरातलं एकही नाही, आणि तरी जग थांबलं, कारण ही मशिनी विमानतळ, इस्पितळं, बँका आणि आणीबाणीच्या फोनसेवांमधली होती. ज्यांना पहाऱ्याची सर्वात जास्त गरज, तेच सर्वात जास्त पडले.

विसू_नगर
२१ जुलै, सकाळी ११:०४

अमेरिकेतली साउथवेस्ट विमान कंपनी वाचली म्हणे, कारण ते अजून विंडोज ३.१ वापरतात! १९९२ सालचं! जुनं ते सोनं!!

हिशोबी_काकू
२१ जुलै, सकाळी ११:२०

विसू, साउथवेस्टची विमानं बऱ्यापैकी सुरळीत उडाली हे खरं. विंडोज ३.१ ची गोष्ट मात्र एकानं गमतीत टाकलेल्या ट्वीटवरून उठली आणि पुढे बातमी झाली. पुढे ढकलू नकोस रे बाबा.

प्रसन्न_औंध
२१ जुलै, दुपारी १२:१५

हे मात्र शंभर टक्के खरं आहे. क्राउडस्ट्राइकचे सीईओ जॉर्ज कर्ट्झ २०१० मध्ये मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या कंपनीत मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते. त्या एप्रिलमध्ये मॅकॅफीच्या अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस समजून धरली, आणि जगभर मशिनी अशाच रिस्टार्टच्या चक्रात अडकल्या.

शमा_ठाणे
२१ जुलै, दुपारी १२:१९

२०१० ते २०२४. बरोब्बर १४ वर्षं! वनवास भोगून परत आले म्हणायचे.

बारक्या
२१ जुलै, दुपारी १२:२०

शमाताईंना धाग्याच्या मानकरी घोषित करा, आज गुरुपौर्णिमाही आहे.

पहारेकरी
२४ जुलै, रात्री ९:४८

मी याच क्षेत्रात आहे, दुसऱ्या कंपनीत. कीबोर्डकर, तुमच्या मूळ प्रश्नाला अजून कोणी हातच घातला नाही. आज क्राउडस्ट्राइकनं प्राथमिक अहवाल दिलाय, त्यावरून सांगतो.

अपडेट दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे खुद्द पहारा देणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती. ती कधी घ्यायची हे ग्राहक ठरवू शकतो. सावध कंपन्या मुद्दाम एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहतात, आमच्या भाषेत एन-१, एन-२. दुसरा प्रकार म्हणजे हल्ल्यांचे नवे नमुने ओळखायची माहिती. हल्लेखोर आज नवी युक्ती काढतो, तर ती ओळखायची खूण आजच सगळीकडे पोचायला हवी. ही माहिती थेट सगळ्यांना एकदम जायची. तिच्यासाठी एन-१ नाही, टप्पे नाहीत, ग्राहकाला थांबवायची सोयच नाही. शुक्रवारची फाइल या दुसऱ्या प्रकारातली.

तेव्हा "कंपन्यांनी तपासलं का नाही" याचं उत्तर: ज्यांनी सगळं नियमानं केलं होतं तेही पडले. त्यांच्या हातात ते नव्हतंच. "शुक्रवारी अपडेट सोडू नये" हा विनोद मस्त आहे, मी ते छापलेला चहाचा मग वापरतो ऑफिसात, पण हल्ले शुक्रवारी थांबत नाहीत. अडचण वाराची नव्हती, सगळ्यांना एकाच क्षणी पाठवण्याची होती.

कीबोर्डकर
२४ जुलै, रात्री १०:०५

धन्यवाद! आमचे सपोर्टवाले शुक्रवारपासून कपाळाला हात लावून म्हणतायत, "आपण एन-१ वर होतो, आपण एन-१ वर होतो." त्यांना हे दाखवतो. बिचारे वरिष्ठांच्या शिव्या खातायत.

हिशोबी_काकू
२४ जुलै, रात्री १०:२२

पहारेकरी, घाई समजते, पण पूर्ण सहमत नाही. आधी स्वतःच्या ऑफिसातल्या मशिनींवर पंधरा मिनिटं, मग १ टक्का ग्राहकांवर तासभर, मग सगळीकडे. हल्ला अडवायला एवढा उशीर परवडत नाही असं कोण म्हणतंय? पहिल्याच टप्प्यात निळा पडदा दिसला असता आणि राधाच्या दुकानातला तो मुलगा ताटकळला नसता. ही काही रॉकेटविद्या नाही. मोबाइलची साधी ॲप्सही टप्प्याटप्प्यानं सोडतात.

पहारेकरी
२४ जुलै, रात्री १०:३६

काकू, तुमचं खरं आहे. आणि कंपनीनंही आजच्या अहवालात हेच लिहिलंय: यापुढे टप्प्यानं सोडू, कधी नि कुठे घ्यायचं ते ग्राहकाला ठरवू देऊ.

बारक्या
२५ जुलै, सकाळी ९:१०

ताजी बातमी! क्राउडस्ट्राइकनं मदतीला धावलेल्या भागीदारांना आभार म्हणून जेवण मागवायच्या उबर ईट्सचं १० डॉलरचं कूपन पाठवलं. इतक्या जणांनी एकदम वापरलं की उबरला तो गैरव्यवहार वाटला आणि त्यांनी कूपनच अडवलं!

शमा_ठाणे
२५ जुलै, सकाळी ९:१३

खुर्चीतून पडले!! पहारेकऱ्याचं कूपन दुसऱ्या पहारेकऱ्यानं पकडलं!

आबा_सांगली
२५ जुलै, सकाळी ९:४०

१० डॉलर म्हणजे आपले आठशेच्या वर रुपये. एवढ्यात कोल्हापुरात मिसळीची पंगत उठेल.

विसू_नगर
२५ जुलै, सकाळी ९:४४

मिसळ नाशिकची.

प्रसन्न_औंध
२५ जुलै, सकाळी ९:४५

पुण्याची.

आबा_सांगली
२५ जुलै, सकाळी ९:५२

पुण्यात मिसळीत पोहे घालतात, त्यावर मी बोलत नाही. एल२, नंदुरबारच्या पोरांचं काय झालं?

एल२_वाला
२५ जुलै, दुपारी १:३०

आबा, पोरं सुखरूप. शाखेतल्या मावशींनी घरून भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला होता. पोरं म्हणतात पुन्हा निळा पडदा आला तर नंदुरबारला आम्हीच जाणार. आमचं काम उरकलंय, एक-दोन हट्टी मशिनी सोडल्या तर.

हिशोबी_काकू
२७ जुलै, सकाळी ११:००

एल२, तुझ्यासाठी खास. ग्रँट थॉर्नटन या हिशेब तपासणाऱ्या कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या आयटीवाल्यांनी काय केलं बघ. ४८ आकडे हातानं मारायचे नाहीत म्हणून त्यांनी किल्ल्यांचे बारकोड बनवले, दुकानात असतो तसला साधा स्कॅनर मशिनला जोडला आणि पडद्यावरचा बारकोड टिपला. टुंग, किल्ली आत!

एल२_वाला
२७ जुलै, सकाळी ११:४५

अरे देवा!! बरोबर आहे, मशिनला स्कॅनर म्हणजे कीबोर्डच वाटतो. आमच्या गोदामात असले स्कॅनर खोक्यात पडून आहेत. ज्याला हे सुचलं त्याच्या पाया पडायला हवं. आजच मॅनेजरला पाठवतो.

विसू_नगर
१ ऑगस्ट, सायं. ५:२०

अमेरिकेतल्या डेल्टा विमान कंपनीचे सीईओ एड बास्टियन म्हणाले, आमचं ५० कोटी डॉलरचं नुकसान झालं, ४०,००० सर्व्हर हातानं पुन्हा उभे करावे लागले. आता वकील लावणार म्हणे. वकिलांची दिवाळी लवकर आली.

लिनक्सपंत
१ ऑगस्ट, रात्री ८:१५

मला वेगळंच विचारायचंय. ॲपलनं २०२० च्या सुमारास बाहेरच्या प्रोग्रॅमना कर्नेलबाहेर काढायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्ट म्हणतं, २००९ मध्ये युरोपीय आयोगाला शब्द दिलाय, आमच्या सुरक्षा प्रोग्रॅमला जेवढी मुभा तेवढीच इतरांना, म्हणून तसं दार लावता येत नाही. कोणाला पटतं हे?

पहारेकरी
१ ऑगस्ट, रात्री ८:५०

अर्धवट पटतं, पंत. सगळ्यांना सारखी वागणूक द्यायची अट आहे. मग स्वतःचा प्रोग्रॅमही कर्नेलबाहेर काढा आणि सगळ्यांना बाहेरून पहारा देता येईल अशी सोय करा. तेव्हा तर सारखेपणाच होतो ना? यावर काम व्हायलाच हवं. नाहीतर उद्या दुसऱ्या कंपनीची फाइल, तोच निळा पडदा.

पहारेकरी
७ ऑगस्ट, रात्री १०:१०

सविस्तर अहवाल आला. फायलीत नक्की काय चुकलं ते आता स्पष्ट आहे, सोप्या भाषेत सांगतो.

फेब्रुवारीत त्यांनी हल्ला ओळखायचा एक नवा साचा आणला. साच्यात २१ रकाने लिहिलेले. पण मशिनवर जो प्रोग्रॅम हे रकाने भरून देतो तो २०च देत होता. पंगतीत २० पानं मांडली आणि वाढप्याला सांगितलं २१ पानांवर वाढ. मार्च-एप्रिलमध्ये याच साच्यावरच्या फायली गेल्या, काही झालं नाही, कारण २१व्या रकान्यात "काहीही चालेल" असं लिहिलं होतं. वाढपी तिकडे गेलाच नाही. १९ जुलैच्या फायलीत पहिल्यांदाच त्या रकान्यात नेमकं काहीतरी तपासायला सांगितलं. वाढपी २१व्या पानाकडे गेला, तिथे पान नाही, जमीनही नाही. कर्नेलमध्ये असा पाय पडला की विंडोज दुसरं काही करूच शकत नाही, सगळं थांबवतं. शिवाय हा प्रोग्रॅम मशिन सुरू होतानाच उठतो, म्हणून दर वेळी तेच.

फाइल तपासणारा एक प्रोग्रॅमही होता. त्यानं साच्यावर भरवसा ठेवला, २१ म्हणजे २१ असणारच. मागच्या फायली नीट चालल्या होत्या, म्हणून ही खऱ्या मशिनवर चालवून बघायची राहिली. मला सगळ्यात जास्त हे लागलं. एक विंडोज मशिन, एक रिस्टार्ट. पाच मिनिटांत दिसलं असतं.

राधा_लेस्टर
७ ऑगस्ट, रात्री ११:०२

इतकं सोपं करून सांगितलंत, आभार. आमच्याकडे औषध देताना दुसरी व्यक्ती पुन्हा ताडून बघते. तीच गोळी महिनोन् महिने देत असलो तरी. "मागच्या वेळी बरोबर होतं" हे कारण चालतच नाही. सॉफ्टवेअरवर माझ्या पेशंटचा जीव अवलंबून असेल तर तिथेही ते चालू नये, एवढंच म्हणते.

हिशोबी_काकू
७ ऑगस्ट, रात्री ११:०९

राधा, +१००.

बारक्या
१२ ऑगस्ट, सकाळी ८:४०

लास व्हेगासच्या डेफकॉनमध्ये हॅकर मंडळी दर वर्षी 'पोनी' पारितोषिकं देतात. यंदा 'सर्वात दणदणीत अपयश' हे क्राउडस्ट्राइकला! आणि खुद्द अध्यक्ष मायकेल सेंटोनास मंचावर गेले, चषक घेतला, आणि म्हणाले हा मुख्यालयात ठेवणार, म्हणजे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल.

शमा_ठाणे
१२ ऑगस्ट, सकाळी ८:५५

हे आवडलं. खरंच आवडलं. इथे आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी उघडी कोणी ठेवली ते अजून कळलेलं नाही.

कीबोर्डकर
१२ ऑगस्ट, सकाळी ९:३०

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, मंडळी. आमच्या ऑफिसात आता मशिनींचे गट पाडलेत. नवं काहीही आलं की आधी आयटी विभाग, मग एक मजला, मग बाकीचे. एल२, तुमच्याकडे काय बदललं?

एल२_वाला
१२ ऑगस्ट, दुपारी २:१५

किल्ल्यांचा सर्व्हर वेगळा केला, त्याची एक प्रत पूर्ण वेगळ्या जागी. दर शाखेला एक स्कॅनर. आणि दर शाखेत एकाला सेफ मोडला कसं जायचं ते हातानं करून दाखवतोय. कराडच्या मॅडम आता शेजारच्या शाखेला शिकवतात.

आबा_सांगली
१२ ऑगस्ट, दुपारी २:४०

एल२, ही ४८ आकडी किल्ली माझ्या लॅपटॉपलाही असते का? असेल तर ती आहे कुठे?

एल२_वाला
१२ ऑगस्ट, दुपारी ३:०५

असू शकते, आबा. मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्यानं तुम्ही लॅपटॉप सुरू केलात, त्याच खात्यात ब्राउझरमधून जा. तुमच्या उपकरणांची यादी दिसेल, त्यात बिटलॉकरची किल्ली दाखवायची सोय आहे. सापडली की कागदावर उतरवा, आठ गट, सहा-सहा आकडे. कागद लॅपटॉपच्या पिशवीत मात्र ठेवू नका. अडलं तर मला निरोप टाका, फोन करतो. आकडे सुटे सुटे सांगेन.

आबा_सांगली
१२ ऑगस्ट, सायं. ६:२०

सापडली. उतरवली, सौ.नं ताडून बघितली. उद्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो.